क्ष-किरणांची साक्ष



रायगडाच्या पायथ्याशीं पाचाड नांवाचें गांव आहे. राजमाता जिजाबाईसाहेबांचा वाडा आणि त्यांची समाधि तेथें आहे, म्हणून तें बहुतेकांना ठाऊक असतें. गडावरील थंड वारा मातोश्रींच्या प्रकृतीस मानवेना, म्हणून महाराजांनीं त्यांच्यासाठीं पायथ्याशीं वाडा बांधविला, अशी आमच्याकडील परंपरा आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजीं झाला, आणि अवघ्या अकरा दिवसांनीं, १७ जून रोजीं, मातोश्री पाचाड मुक्कामीं निवर्तल्या. त्या काळीं प्रकृति ओळखावयाची ती नाडीवरून, जिभेवरून आणि चेहऱ्यावरून. जिवंत माणसाच्या छातीच्या आंत काय चाललें आहे, हें डोळ्यांनीं पाहण्याचा मार्ग पृथ्वीच्या पाठीवर कोणालाच ठाऊक नव्हता. तो सांपडावयास आणखी दोनशें एकवीस वर्षें जावीं लागलीं.

त्या मार्गाचा, म्हणजे क्ष-किरणांनीं छातीचें चित्र काढून रोग ओळखण्याचा, थोडासा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि महाड-पोलादपूर भागांतल्या शाळांतून मुलांना इतिहास शिकवीत निवृत्त झालों. तेव्हां औषधोपचाराचा सल्ला मजकडून कोणीं अपेक्षूं नये. परंतु पुराव्याची पारख हा आमच्या धंद्याचा विषय आहे. अमुक कागद अस्सल कीं बनावट, अमुक बखरींतील साक्ष कोठपर्यंत ग्राह्य धरावी, हें इतिहासाच्या मास्तराला नेहमींच विचारावें लागतें. छातीचें क्ष-किरण चित्र, ज्याला आमच्या गांवांत सरळ 'छातीचा फोटो' म्हणतात, हाहि एक पुरावाच आहे. विषाणूंमुळें येणाऱ्या खोकल्या-तापाच्या साथींत या पुराव्यावर किती विसंबावें, हा आजचा प्रश्न. या प्रश्नाचें चुकीचें उत्तर मीं एकदां दिलें आणि तें माझ्या घराला फार महाग पडलें. तें पुढें ओघानें सांगेन.

प्रथम शंभर वर्षांपूर्वींच्या साथीकडे वळूं. माझी आजी तिला 'मानमोडी' म्हणे. महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं तिचें हेंच नांव होतें. इंग्रजी कागदपत्रांत ती १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ म्हणून नोंदली गेली आहे. पहिलें महायुद्ध संपत आलें होतें. मुंबईंतील सात पोलीस शिपाई, त्यांपैकीं एक गोदीवर पहाऱ्यास असलेला, १० जून १९१८ रोजीं तापानें आजारी पडून रुग्णालयांत दाखल झाले, आणि शहरांत साथीची चाहूल लागली. पावसाळ्यांत ती थोडी ओसरली, पण सप्टेंबरांत दुप्पट जोरानें उलटली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें गेलीं आणि साऱ्या हिंदुस्थानांत एक कोटीहून कितीतरी अधिक. १९२१ च्या खानेसुमारींत देशाची लोकसंख्या मागील खानेसुमारीपेक्षां घटलेली आढळली. असें त्यानंतर पुन्हां कधींहि झालेलें नाहीं.

त्या दिवसांत कोंकणांत यावयाचें तें मुख्यतः आगबोटीनें. गिरण्यांत काम करणारे आमच्या भागांतले चाकरमानी बाणकोटच्या खाडींतून सावित्री नदीनें दासगांव-महाडपर्यंत येत आणि तेथून पायीं अथवा बैलगाडीनें आपआपल्या वाडीस जात. 'ताप बोटींतून उतरला,' असें आजी म्हणे. सकाळीं कापणीला गेलेला गडी सांजेला अंथरुणाला खिळे, मान धरून विव्हळे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं दम लागून जाई. दम कां लागतो, छातीच्या कोणत्या भागांत बिघाड झाला, हें सांगणारें कोणी नव्हतें.

गांवकऱ्यांचें अज्ञान एक वेळ सोडून द्या. मोठमोठ्या प्रयोगशाळांतील विद्वानांनाहि तेव्हां खरें कारण ठाऊक नव्हतें. जर्मन शास्त्रज्ञ फायफर यानें १८९२ सालीं इन्फ्लुएन्झाच्या रोग्यांच्या कफांत एक बारीक जंतु दाखविला होता आणि हाच या रोगाचा कर्ता, असें जगानें मानलें होतें. १९१८ त पुष्कळ रोग्यांत तो सांपडेना. कित्येकांत सांपडे, तर त्याच्या जोडीला दुसरेहि जंतु दिसत. खरा कर्ता, म्हणजे माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणु, लंडन येथील स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनीं १९३३ सालीं शोधून काढला. मुंगसाच्या चणीच्या फेरेट नांवाच्या प्राण्याच्या नाकांत रोग्याच्या घशांतील गाळलेला स्राव घालून त्यांनीं तो रोग त्या प्राण्यांत उत्पन्न केला. जंतु अडवून धरणाऱ्या बारीक गाळणींतून जें पार होतें, तेंच रोग करतें, हें अशा रीतीनें सिद्ध झालें. म्हणजे मानमोडीनें माणसें नेलीं तीं १९१८ त, आणि आरोपीचें नांव समजलें तें पंधरा वर्षांनीं.

आतां क्ष-किरणांची गोष्ट. हे किरण मात्र १९१८ च्या पूर्वींच सांपडले होते. जर्मनींत वुर्त्सबुर्ग येथें प्राध्यापक रॉन्टगेन हे ८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळीं काळ्या पुठ्ठ्यांत झांकलेल्या विद्युत्-नळीवर प्रयोग करीत असतां दूर ठेवलेला एक रासायनिक पडदा उजळलेला त्यांना दिसला. हा अज्ञात किरण. बीजगणितांत अज्ञात राशीला आपण 'क्ष' म्हणतों, म्हणून त्याचेंहि नांव तेंच पडलें. पुढील महिन्यांत त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र काढलें, त्यांत बोटांचीं हाडें आणि अंगठी स्पष्ट उमटलीं. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळालें. आपल्या देशांतहि हे किरण लौकर आले. १८९७-९८ च्या वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेंत सर्जन-मेजर बीव्हर यांनीं क्ष-किरणांचें यंत्र नेऊन जखमी शिपायांच्या अंगांत रुतलेल्या गोळ्या शोधल्या होत्या.

गोळी शोधणें सोपें. धातु किरणांना अडवितो, म्हणून त्याची आकृति जशीच्या तशी उमटते. फुफ्फुसाचें तसें नाहीं. फुफ्फुसें हवेनें भरलेलीं असतात. हवा किरणांना अडवीत नाहीं, म्हणून निरोगी फुफ्फुस चित्रांत काळें दिसतें. हाडें आणि हृदय पांढरीं दिसतात. आतां फुफ्फुसाच्या बारीक कोशांत हवेऐवजीं पाणी, पू, रक्त अथवा सुजेचा स्राव भरला, तर त्या जागीं पांढुरकी छाया पडते. पण ही छाया पाण्याची कीं पुवाची, जंतूनें आणलेली कीं विषाणूनें, हें किरणाला कळत नाहीं. त्याला इतकेंच कळतें कीं येथें हवा असावयास पाहिजे होती आणि ती नाहीं.

यासाठीं मीं एक उपमा मनाशीं धरून ठेवली आहे. घरफोडी झाली कीं पोलीस पाटलाला घेऊन पंचनामा होतो. कुलूप तुटलें आहे, भिंतीला भगदाड आहे, पेटी उघडी आहे, हें पंच लिहून देतात. पंचनामा खरा असतो आणि खटल्यांत तो लागतोच. पण तेवढ्यावरून चोराचें नांव कळत नाहीं. छातीचा फोटो हा छातीचा पंचनामा आहे. रोगाचें नांव लावण्यास दुसरा पुरावा लागतो. ही साधी गोष्ट जगांतले शहाणे लोक वारंवार कसे विसरले, तें आतां पाहूं.

मानमोडीच्या वेळीं एखाद्या रोग्याचें चित्र काढलें असतें तरी काय कळलें असतें? त्या साथींत दगावलेल्यांच्या जतन करून ठेवलेल्या फुफ्फुसांचे नमुने अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं पुन्हां तपासले आणि २००८ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. बहुसंख्य मृत्यु विषाणूच्या मागोमाग शिरलेल्या नेहमींच्या जंतूंच्या न्युमोनियानें झाले होते. म्हणजे दार फोडलें एकानें आणि घर लुटलें दुसऱ्यानें. चित्रांत दोघांची मिळून एकच छाया दिसली असती.

दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे. १९३८ सालीं फिलाडेल्फिया येथील डॉ. रायमन यांनीं कांहीं रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. न्युमोनिया तर दिसे, पण नेहमींच्या न्युमोनियासारखा नव्हे. खोकला कोरडा, आणि चित्रांतील छाया विरळ, पसरट. ठोकून पाहिल्यास छातींत फारसें कांहीं ऐकूं न येणारी. दुसऱ्या महायुद्धांत लष्करी छावण्यांतून असे रोगी पुष्कळ आढळले. नेहमींचे जंतु सांपडेनात, सल्फा औषधांनीं गुण येईना, तेव्हां हा 'विषाणूचा न्युमोनिया' असें सर्वत्र बोललें जाऊं लागलें. १९४४ त ईटन यांनीं त्याचें कारण असलेला एक अतिसूक्ष्म घटक वेगळा केला; तो गाळणींतून पार होई, म्हणून तोहि विषाणूच समजला गेला. पुढें १९६२ सालीं चॅनॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तोच घटक निर्जीव खाद्यावर वाढवून दाखविला. विषाणु असा कधीं वाढत नाहीं. तो निघाला मायकोप्लाझ्मा नांवाचा, भोंवतीं कवच नसलेला जंतु! त्यावर पेनिसिलीन चालत नाहीं, कारण तें कवचावरच घाव घालतें. परंतु टेट्रासायक्लीनसारखें औषध चालतें. जवळजवळ चोवीस वर्षें एका जंतूच्या रोगाला विषाणूचा रोग म्हटलें गेलें, आणि छायेच्या विरळपणानें त्या समजुतीला बळच दिलें. नांव चुकलें कीं औषध चुकण्याचा संभव असतो, म्हणून अशा चुकांना महत्त्व.

कोणी म्हणेल, चित्र वाचणारा कसलेला असेल तर असें होणार नाहीं. त्याचीहि परीक्षा झालेली आहे. १९३६ सालीं ब्राझीलचे डॉ. आब्रेउ यांनीं पडद्यावरील छायेचें लहानशा फिल्मवर छायाचित्र घेण्याची स्वस्त पद्धति काढली आणि हजारों लोकांच्या छात्या झपाट्यानें तपासतां येऊं लागल्या. क्षयाच्या शोधासाठीं ती जगभर पसरली. १९४७ सालीं अमेरिकेंत पांच तज्ज्ञांना तींच तींच चित्रें वाचावयास दिलीं. संशयित ठरलेल्या चित्रांपैकीं सुमारें एक-तृतीयांश चित्रांत एका तज्ज्ञाचें मत दुसऱ्याशीं जुळेना. त्याहून नवल म्हणजे, तींच चित्रें कांहीं काळानें पुन्हां दिलीं तर सुमारें एक-पंचमांश चित्रांत तज्ज्ञाचें स्वतःच्याच आधींच्या मताशीं जुळेना! परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हां मास्तरांना यांत फारसें आश्चर्य वाटणार नाहीं. निबंधाला सकाळीं दिलेले गुण आणि रात्रीं दिलेले गुण आम्हीं कधीं ताडून पाहिले नाहींत, एवढेंच.

आपल्या देशानें या अनुभवाचा चांगला उपयोग करून घेतला. १९५५ ते १९५८ या काळांत क्षयाची देशव्यापी पाहणी झाली ती फिरत्या क्ष-किरण यंत्रांनीं. खेड्यांतहि शहराइतकाच क्षय आहे, हें त्या पाहणीनें प्रथम उघड केलें. परंतु गांवोगांव यंत्र ठेवणें परवडण्यासारखें नव्हतें. तेव्हां बंगलोरच्या राष्ट्रीय क्षय संस्थेंतील अभ्यासानंतर १९६२ चा राष्ट्रीय कार्यक्रम आंखला गेला, तो बेडका सूक्ष्मदर्शकाखालीं तपासण्यावर मुख्य भर देऊन. सूक्ष्मदर्शकाखालीं क्षयाचा जंतु स्वतः दिसतो. त्याची ओळख पटविण्यास छायेची गरज राहात नाहीं.

विषाणूच्या बाबतींत ही सोय पुष्कळ उशिरां आली, कारण विषाणु साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं दिसत नाहीं. पुण्यास १९५२ सालीं विषाणु संशोधन केंद्र स्थापन झालें. १९७८ पासून तें राष्ट्रीय विषाणु संस्था म्हणून ओळखलें जातें. २००९ सालीं स्वाइन फ्लूची साथ आली. देशांतील तिचा पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजीं पुण्यांतच गेला. तेव्हां घशांतील अथवा नाकांतील स्राव घेऊन त्यांतील विषाणूच्या अनुवंश-द्रव्याचा तुकडा यंत्रांत कोट्यवधि पटींनीं वाढवून ओळखण्याची पद्धति आमच्या लोकांच्या कानांवर प्रथम आली. ही पद्धति आरोपीच्या बोटांच्या ठशासारखी आहे. ठसा जुळला तर नांव निश्चित होतें. ठसा न सांपडला तर मात्र तेवढ्यावरून कोणी निर्दोष सुटत नाहीं. नमुना नीट घेतला नसेल, फार लौकर किंवा फार उशिरां घेतला असेल, तर विषाणु असूनहि हुकतो.

या उणिवेमुळेंच २०२० सालीं जग पुन्हां छायेकडे वळलें. चीनमधील वुहान शहरांत कोरोनाच्या तपासण्या पुरेनात, अहवाल येण्यास दिवस लागत, आणि रुग्णालयांच्या दारांत गर्दी लोटलेली. तेव्हां हूबेई प्रांतानें १२ फेब्रुवारी २०२० रोजीं असा निर्णय केला कीं, लक्षणें आहेत आणि छातीच्या चित्रांत न्युमोनिया दिसतो, त्यांना स्रावाच्या तपासणीवांचूनहि कोरोनाचे रोगी म्हणून मोजावें. एका दिवसांत रोग्यांची संख्या सुमारें पंधरा हजारांनीं वाढली. त्यांतील तेरा हजारांहून अधिक केवळ या नव्या मोजणीनें आलेले होते. तपासण्या वाढल्या तसा थोड्याच दिवसांत तो नियम मागें घेण्यांत आला. आग लागली असतां जो हात येईल तो घडा उचलावा, तसाच तो निर्णय होता. त्या दिवसांत त्याला दोष देतां येणार नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत पहिले रोगी ९ मार्च २०२० रोजीं पुण्यास आढळले. मे महिन्यांत चाकरमानी पुन्हां कोंकणाकडे लोटले, या वेळीं बोटीऐवजीं महामार्गानें. गांवोगांवच्या शाळांतून त्यांना चौदा चौदा दिवस ठेवण्यांत आलें. ज्या वर्गांत मीं मानमोडीचा धडा सांगितला होता, त्याच वर्गांत माझे जुने विद्यार्थी सतरंज्या पसरून निजलेले मीं पाहिले. त्यांतच ३ जून रोजीं निसर्ग वादळ रायगड जिल्ह्यावर आदळलें आणि विजेचे खांब आडवे झाले. विजेवांचून क्ष-किरणांचें यंत्र म्हणजे लोखंडाची पेटी.

पुढें 'एचआरसीटी' हीं अक्षरें घरोघर पोंचलीं. हेहि क्ष-किरणच, परंतु हाउन्सफील्ड यांच्या १९७१ सालच्या यंत्राच्या तत्त्वावर छातीचे जणूं पातळ काप करून दाखविणारे. साध्या फोटोंत न दिसणारी फिकट छाया, दुधी कांचेसारखी, या कापांत दिसते. तज्ज्ञ तिला २५ पैकीं गुण देत. लोक एकमेकांना विचारीत, 'तुमचा स्कोअर किती?' मागणी इतकी वाढली कीं सप्टेंबर २०२० मध्यें राज्य सरकारला तपासणीचे दर यंत्राच्या क्षमतेप्रमाणें दोन ते तीन हजार रुपयांपर्यंत बांधून द्यावे लागले. स्रावाचा अहवाल येण्यापूर्वींच कित्येक जण परस्पर चित्र काढून मोकळे होत. याविरुद्ध जाणत्यांनीं वेळोवेळीं सांगितलें. जागतिक आरोग्य संघटनेनें जून २०२० मध्येंच म्हटलें होतें कीं, स्रावाची तपासणी वेळेवर होत असेल तर निदानासाठीं छातीच्या चित्रावर विसंबूं नये, आणि लक्षणें नसलेल्यांचें निदान चित्रानें करूं नये. मे २०२१ मध्यें दिल्लीच्या 'एम्स'च्या संचालकांनीं सौम्य रोग्यांना सीटीपासून दूर राहण्यास सांगितलें. एक सीटी म्हणजे तीनशें-चारशें साधे फोटो, असें ते म्हणाले. आधुनिक यंत्रांत किरण इतके लागत नाहींत, असा क्ष-किरण तज्ज्ञांनीं त्यावर आक्षेप घेतला. आंकड्याविषयीं वाद असो. साध्या फोटोपेक्षां सीटींत किरण पुष्कळ पटींनीं अधिक लागतात, आणि गरजेवांचून ते घेऊं नयेत, याविषयीं वाद नव्हता.

आतां माझी गोष्ट सांगतों. एप्रिल २०२१. दुसरी लाट भरांत होती. मला ताप आला, घसा दुखूं लागला. दुसऱ्या दिवशीं मी पाचाडहून पंचवीस किलोमीटरांवरील महाडास गेलों. डॉक्टरांनीं घशाचा स्राव घेतला आणि माझ्याच आग्रहावरून छातीचा फोटोहि काढविला. स्रावाचा अहवाल येण्यास चार दिवस होते. फोटो अर्ध्या तासांत हातीं आला. डॉक्टर म्हणाले, 'मास्तर, फोटो साफ आहे. पण अहवाल येईपर्यंत घरांत वेगळे राहा.' या वाक्याचा पूर्वार्ध मीं ऐकला आणि उत्तरार्ध सोडून दिला. जन्मभर मुलांना 'वाक्य पुरतें वाचा' म्हणून सांगणारा मी!

घरीं माझी थोरली बहीण होती. आई गेल्यापासून आमच्या घराला तिचाच आधार. फोटोचें पाकीट मीं तिच्यापुढें धरलें आणि म्हटलें, 'ताई, छाती स्वच्छ आहे. साधा ताप.' ती म्हणाली, 'देवाची कृपा.' तोंडावरचें फडकें काढून मी तिच्याशेजारीं जेवावयास बसलों. चौथ्या दिवशीं अहवाल आला, त्यांत मला कोरोना असल्याचें लिहिलें होतें. तोंवर ताईचें अंग तापलें होतें. माझा ताप उतरला. तिला आठव्या दिवशीं दम लागला. तिच्या फोटोंत दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या अंगाला पांढरे ठिपके पसरलेले मला, अडाण्यालाहि, दिसले. ती रुग्णालयांतून परत आली नाहीं.

यांत डॉक्टरांचा दोष नाहीं आणि यंत्राचाहि नाहीं. यंत्रानें खरें तेंच सांगितलें होतें: त्या दिवशीं माझ्या फुफ्फुसांत कांहीं बिघाड नव्हता. विषाणु तेव्हां घशांत आणि नाकांत होता, आणि दुसऱ्यास लागण करण्यास तेवढें पुरे होतें. पुढें मीं याविषयीं वाचलें. हाँगकाँगमधील ६४ रोग्यांच्या अभ्यासांत पहिल्या फोटोंत ६९ टक्क्यांमध्येंच बिघाड दिसला होता, पहिल्या स्राव-तपासणींत ९१ टक्के सांपडले होते. आणि छाया सर्वांत दाट होई ती लक्षणें सुरू झाल्यापासून दहाव्या-बाराव्या दिवशीं. मीं दुसऱ्या दिवशींचा पंचनामा घेऊन चोर आलाच नाहीं, असा निकाल दिला. चोर तेव्हां अंगणांत उभा होता.

मग छातीचा फोटो निरुपयोगी समजावा काय? मुळींच नाहीं. ज्याला दम लागतो आहे, ज्याच्या रक्तांतील प्राणवायु उतरतो आहे, त्याच्या फुफ्फुसाचा किती भाग बिघडला हें फोटो तत्काळ सांगतो. ताप उतरून पुन्हां चढला, तर मागोमाग जंतूंचा न्युमोनिया झाला आहे काय, छातींत पाणी भरलें आहे काय, याचा तपास त्यानेंच लागतो. आणि विषाणूच्या साथींत कधीं कधीं निराळाच रोग उघडकीस येतो तो त्याच्याच कृपेनें. क्षय हा त्यांतला मुख्य. २०१९ ते २०२१ मध्यें झालेल्या राष्ट्रीय क्षय पाहणींत जे रोगी सांपडले, त्यांतील सुमारें ४३ टक्के छातीचा फोटो न काढतां केवळ लक्षणें विचारलीं असतीं तर हुकले असते. बाहेरून धडधाकट दिसणारे लोक छायेनें पकडून दिले, आणि मग बेडक्याच्या तपासणीनें त्यांच्या रोगाचें नांव निश्चित केलें. एकानें संशयित दाखवावा, दुसऱ्यानें ओळख पटवावी, ही वाटणी येथें चांगली साधली आहे.

अलीकडे हातांत धरून नेण्याजोगीं क्ष-किरण यंत्रें आलीं आहेत. डिसेंबर २०२४ मध्यें सुरू झालेल्या क्षयविरोधी शंभर दिवसांच्या मोहिमेंत तीं खेड्यापाड्यांतून फिरलीं. चित्र वाचण्याचें कामहि आतां संगणक करूं लागला आहे. क्षयाच्या प्राथमिक चाळणीसाठीं त्याचा उपयोग करण्यास जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं मान्यता दिली. संगणक थकत नाहीं, सकाळीं एक आणि रात्रीं दुसरे गुण देत नाहीं. डोंगरांतल्या वाडीवरील म्हाताऱ्याला महाडची वाट न तुडवितां फोटो मिळावा, याहून चांगलें काय? परंतु संगणकहि वाचतो ती छायाच. छायेंत जें उमटलेंच नाहीं, तें यंत्रालाहि दिसणार नाहीं.

पुढें केव्हां तरी पुन्हां साथ येईल. १९१८, १९५७, २००९, २०२० अशी ही मालिका आहे. ती संपली असें मानण्यास आधार नाहीं. त्या वेळीं आपल्या हातीं फोटोचें पाकीट असेल आणि मनांत भीति असेल. भ्यालेल्या माणसाला पुरावा लगेच हवा असतो, आणि जो लवकर हातीं येतो त्यालाच तो खरा धरतो. तेव्हां तीन प्रश्न विचारावे. हें चित्र आजाराच्या कितव्या दिवशींचें आहे? हें चित्र काय सांगतें, आणि काय सांगूं शकत नाहीं? आणि डॉक्टरांनीं उच्चारलेलें वाक्य मीं शेवटपर्यंत ऐकलें काय?

ताईच्या आणि माझ्या छातीचे दोन्ही फोटो माझ्या पेटींत आहेत. एक काळा, स्वच्छ, दुसरा ठिपक्यांचा. इतिहासाचा मास्तर म्हणून सांगतों, दोन्ही कागद अस्सल आहेत. वाचणारा चुकला.